नवी पिल्लं जुन्या कोंबड्यांत सोडताना

पिल्लं नेल्यावर चार-पाच दिवसांत येणारे फोन बहुतेक एकाच प्रकारचे असतात. ‘रात्री बरं होतं, सकाळी बघतो तर डोकं फोडलेलं.’ पिल्लात खोट नसते, रोगही नसतो. घरच्या कोंबड्यांनी ते टोचून मारलेलं असतं. म्हणून हा कागद आम्ही पावतीसोबत देतो. पिल्लांची पेटी उघडायच्या आधी वाचा.

आमच्याकडची गिरिराज, वनराज किंवा कावेरी जातीची पिल्लं तुम्ही साधारण महिन्याची नेता. दोन महिने उलटेपर्यंत ती जुन्या कोंबड्यांत मोकळी सोडू नका. म्हणजे तुमच्याकडे निदान एक महिना ती वेगळी राहिली पाहिजेत. हे ऐकून बरेच जण कंटाळतात, पण त्या महिन्याचा हिशेब असा आहे.

पहिले पंधरा दिवस पूर्ण वेगळं घर. पडवीचा कोपरा चालेल, रिकामा गोठा चालेल, जुन्या खुराड्याला लागून मात्र नको. तुमच्या कोंबड्या तब्येतीने ठणठणीत दिसतात, पण त्यांच्या विष्ठेतून रक्ती हगवणीचे जंतू पडत असतात. त्यांना त्याची सवय झालेली असते, पिल्लांना नसते. आपल्याकडच्या दमट हवेत हे जंतू एक-दोन दिवसांत बाधायला तयार होतात. पिल्लू पिसं फुगवून, डोळे मिटून उभं राहिलं आणि विष्ठेत लाली दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणा. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबू नका. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच घाला, रोज हलवा आणि मुठीत धरल्यावर गोळा होऊ लागलं की बदला. पिल्लांचं काम आधी उरका, मग मोठ्या कोंबड्यांकडे जा. उलट केलंत तर चपलेच्या तळाला लागून सगळं पिल्लांकडे येतं.

मरेक्स आणि गंबोरो या रोगांच्या लसी आणि मानमोडीवरच्या लासोटा लसीचे दोन्ही डोस आम्ही देऊन झालेले असतात. तारखा पावतीवर आहेत. तुमच्याकडे राहते ती सहाव्या आठवड्याची देवीची लस आणि आठव्या आठवड्याची मानमोडीची, म्हणजे राणीखेतची. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोणी फोडत नाही. वाडीतल्या चार घरांनी मिळून एक दिवस ठरवा आणि बाटली थर्मासमध्ये बर्फ घालून आणा.

पंधरा दिवसांनंतर मधे जाळी घालून शेजार द्या. एकमेकांना बघू देत, ऐकू देत, पण चोच पोचता कामा नये. अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी, म्हणजे वेल्डमेश, उत्तम. आपल्याकडे मासेमारीचं जुनं जाळं लावायची पद्धत आहे. ते वरून टाकलं तर घार आणि कावळा थांबतो, पण बाजूला लावलं तर मुंगूस ते कातरून आत शिरतो आणि पिल्लांचे पाय त्यात अडकतात ते वेगळंच. जाळीच्या दोन्ही अंगांना, जाळीला चिकटून खाणं ठेवा. सुरुवातीला मोठ्या कोंबड्या जाळीवर चोची मारतील. मग एके दिवशी पिल्लांकडे न बघता शेजारी उभ्या राहून खाऊ लागतील. साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठव्या आठवड्याची लस दिली की आणखी आठवडाभर जाळी राहू द्या. लसीने पिल्लं थोडी मलूल होतात आणि मलूल पिल्लू हमखास मार खातं.

सोडायचा दिवस

सकाळी नको आणि खुराड्यात तर नकोच. दिवेलागणीच्या तासभर आधी, सगळ्या कोंबड्या मागीलदारी मोकळ्या फिरत असताना जाळी उघडा. एकटं पिल्लू कधीच सोडू नका, निदान चार-पाच एकदम. दोन ठिकाणी पाणी, तीन ठिकाणी खाणं. भिंतीला नारळाची दोन-चार चुडतं तिरकी टेकवून ठेवा, मागे दडायला होतात.

आता डालग्याची युक्ती. बांबूचं डालगं पालथं घालून चिऱ्याच्या तीन तुकड्यांवर उचलून ठेवा. फट एवढीच हवी की पिल्लू वाकून आत जाईल आणि कोंबडीचं नुसतं डोकं आत जाईल. पिल्लांचं खाणं त्याच्या मधोमध ठेवा. मार चुकवायला जागाही झाली आणि दुसरा प्रश्नही सुटला: अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम फार असतं, ते पिल्लांच्या मूत्रपिंडाला बाधतं. उलट मोठ्या कोंबड्यांनी पिल्लांचं खाल्लं तर बिघडत नाही, फक्त तुमच्या खिशाला लागतं.

अंधार पडल्यावर पिल्लं उचलून खुराड्यातल्या दांडीवर मोठ्यांच्या शेजारी बसवा. अंधारात कोंबडी भांडत नाही. पण पहाटे उजाडायच्या आत तुम्ही दार उघडलं पाहिजे. आम्ही पहिल्या वर्षी आमच्याच घरच्या सहा गावठी कोंबड्यांत अकरा पिल्लं रात्री बसवली आणि सकाळी लग्नाला जायच्या गडबडीत दार उघडायला साडेसात वाजले. दोन पिल्लं मेलेली, तिसऱ्याच्या पाठीवर कातडी नव्हती.

थोडी टोचाटोची होणारच. कोंबड्यांत कोण आधी खाणार याची उतरंड असते आणि नव्यांना त्यात जागा शोधावी लागते. कोंबडा सहसा त्रास देत नाही. सगळ्यात जास्त छळते ती कालपर्यंत स्वतः मार खाणारी, शेवटच्या पायरीवरची कोंबडी. (यात काही ओळखीचं वाटलं तर योगायोग समजा.) रक्त निघालं नाही तर मधे पडू नका. निघालं तर त्या पिल्लाला लगेच बाजूला घ्या, कारण लाल दिसलं की सगळ्या तिथेच टोचतात. जखमेवर जेंशन व्हायोलेट लावा, लाल रंग झाकतो. एकच कोंबडी सतत मागे लागत असेल तर पिल्लाला नाही, तिलाच तीन-चार दिवस डालग्याखाली ठेवा. परत आली की तीच नवखी ठरते.

घरात खुडूक कोंबडी असेल तर

मग आमच्याकडून महिन्याची नको, एक दिवसाची पिल्लं मागा. दोन-अडीच आठवडे नेटाने बसलेली कोंबडी हवी. रात्री खालची अंडी काढून दहा-बारा पिल्लं पोटाखाली सरकवा. सकाळी ती त्यांची आई झालेली असते आणि बाकीच्यांची पिल्लांकडे वळायची हिंमत होत नाही. तरी पहिल्या सकाळी बघायला हजर राहा. एखादी पिल्लांना आपलं म्हणत नाही. आधीच स्वतःची पिल्लं घेऊन फिरणाऱ्या कोंबडीत परकी घालू नका, मारते.

मिरगाला, म्हणजे मृग नक्षत्र लागल्यावर, राखणदार देवाला द्यायचा राखणेचा कोंबडा कापला की खुराडं रिकामं दिसतं आणि जूनमध्ये आमच्या दाराशी रांग लागते. धंदा आम्हालाही हवाच, तरी सांगतो: थांबता येत असेल तर भातकापणीनंतर, दिवाळीच्या सुमारास न्या. पावसाळ्यात वेगळी कोरडी जागा देता येत नाही, म्हणून ही सगळी पथ्यं मोडतात.

आणि अडीच-तीन महिन्यांनी उलटा फोन आला तर आम्ही दचकणार नाही. गिरिराजचे तरणे कोंबडे तोवर गावठी कोंबड्याला मागे टाकतात आणि मग तोच चुडतांमागे लपतो. तेव्हा जास्तीचे नर काढा, दहा माद्यांमागे एक पुरे.