१८७२ चा चषक, २००७ ची गरज: एडिनबर्ग-ग्लासगो नाताळ सामन्याची पार्श्वभूमी

एडिनबर्गच्या व्यावसायिक रग्बी संघाचे घरचे मैदान ७,८०० प्रेक्षकांचे आहे. ते २०२१ मध्ये मरेफील्ड या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय रग्बी स्टेडियमच्या आवारातच उभे राहिले. हंगामभर संघ तिथेच खेळतो. नाताळच्या सुमारास ग्लासगोचा संघ येतो, तेव्हा मात्र एडिनबर्गकर शेजारच्या ६७ हजारांच्या मरेफील्डवर उतरतात. अंतर चार पावलांचे, पण खुर्च्या जवळपास नऊपट. मग डिसेंबर लागला की क्लबच्या कचेरीत एकच हिशेब चालतो: किती तिकिटे गेली आणि स्टेडियमची कोणती बाजू उघडायची.

जाहिरातीत या सामन्याची ओळख '१८७२ चषक' अशी असते. हे नाव ऐकले की दीडशे वर्षे नाताळात हा सामना होत आला असावा, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. १८७२ हे साल खरे आहे, सामनाही खरा आहे. चषक मात्र अलीकडचा आहे आणि त्याला नाताळाची जोड मिळाली तीही अलीकडेच. ज्या दोन संघांमध्ये तो खेळला जातो, ते आजच्या रूपात १९९५ पूर्वी नव्हते. म्हणून या सामन्याची गर्दी कशी जमते हे समजून घ्यायचे, तर १८७२ पेक्षा २००७ कडे जास्त पाहावे लागते.

आधी १८७२. त्याच्या आदल्या वर्षी, २७ मार्च १८७१ रोजी, एडिनबर्गच्या रेबर्न प्लेसवर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला होता. दोन्हीकडे वीस-वीस खेळाडू होते आणि जिंकले स्कॉटलंड. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १८७२ रोजी, ग्लासगोच्या बर्नबँक मैदानावर एडिनबर्ग आणि ग्लासगो ही दोन शहरे समोरासमोर आली. पुढे दरवर्षी होत राहिलेला हा दोन शहरांचा सामना जगातल्या सर्वांत जुन्या प्रातिनिधिक रग्बी लढतींपैकी एक. त्यातले खेळाडू शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या क्लबांतून निवडलेले असत. राष्ट्रीय संघात कोणाला घ्यायचे याची ती चाचणीच होती. तारीख नोव्हेंबरातली, सण जवळपास कुठला नाही.

बर्नबँकच्या सामन्याला महिना होतो न होतो तोच, २५ डिसेंबर १८७२ रोजी, कोलकात्यात रग्बीचा सामना झाला. एका बाजूला इंग्लंडचे लोक, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे. तो इतका रंगला की आठवडाभरातच पुन्हा खेळवला गेला आणि १८७३ च्या जानेवारीत तिथे क्लब निघाला. काही वर्षांतच क्लबची रया गेली. तो बंद करताना बँकेतले चांदीचे २७० रुपये काढून, वितळवून त्यांचा चषक घडवला गेला. नागाच्या आकाराच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला तो कलकत्ता कप १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात खेळला जातो. म्हणजे नाताळच्या दिवसाचा, स्कॉटिश माणसांनी खेळलेला, नोंद असलेला जुना रग्बी सामना शोधायचा तर तो हुगळीच्या काठी सापडतो.

आणि हे स्वाभाविकही होते. कोलकात्यात त्या दिवशी सुट्टी होती. स्कॉटलंडमध्ये बँका सोडल्या तर बहुतेकांचा तो कामाचा दिवस होता. धर्मसुधारणेनंतर तिथल्या चर्चला नाताळाचा जल्लोष खपत नसे. १६४० मध्ये स्कॉटिश संसदेने नाताळची सुट्टीच कायद्याने काढून टाकली होती. पुढे कायदा बदलला तरी वळण तसेच राहिले. २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती थेट १९५८ मध्ये, आणि २६ डिसेंबरला १९७४ मध्ये. गिरणी-कारखान्यातल्या माणसाचा खरा सण म्हणजे वर्षाची अखेरची रात्र आणि नव्या वर्षाचा पहिला दिवस. म्हणून जुने क्रीडावेडही नववर्षाभोवतीच दिसते. ग्लासगोच्या दोन मोठ्या फुटबॉल क्लबांची आणि एडिनबर्गच्या दोन क्लबांची नववर्षाची झुंज हा तिथला रिवाज होता. 'नाताळातला सामना' ही कल्पना इंग्लंडमध्ये जितकी जुनी, तितकी स्कॉटलंडमध्ये नाही.

मधली शंभर वर्षे थोडक्यात सांगता येतात. हौशी खेळाच्या काळात दोन शहरांची लढत चालू राहिली. १९५३-५४ पासून तिचे चार विभागांच्या स्पर्धेत रूपांतर झाले: एडिनबर्ग, ग्लासगो, दक्षिण, आणि उत्तर व मिडलँड्स. १९७३-७४ मध्ये क्लबांची राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि प्रेक्षकांचा जीव त्या लीगमध्ये गुंतला. हॉइक, मेलरोज, गालाशील्स, केल्सो, जेडबरा ही सगळी दक्षिणेतली छोटी गावे. हॉइकने पहिली पाचही विजेतेपदे नेली. मेलरोजची वस्ती जेमतेम दोन-अडीच हजारांची, पण १९९० ते १९९७ या आठ वर्षांत या गावाच्या क्लबने सहा वेळा लीग जिंकली. शनिवारी अख्खे गाव मैदानावर असे. विभागाचा संघ हा त्या मानाने निवड समितीचा विषय, गावाचा नव्हे.

ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाली आणि स्कॉटलंडपुढे प्रश्न आला: पगारी खेळाडू कोणाकडून खेळणार? युरोपच्या नव्या स्पर्धेत मेलरोज, हॉइक यांसारखे क्लब जाणार, की विभाग? मोठ्या क्लबांचे म्हणणे होते की खेळाडू आमचे, प्रेक्षक आमचे, तर युरोपातही आम्हीच जाऊ. राष्ट्रीय संघटनेचे म्हणणे वेगळे होते. दोन-अडीच हजारांच्या गावाला फ्रान्स-इंग्लंडच्या श्रीमंत क्लबांशी पैशात टक्कर देता येणार नाही, त्यामुळे ताकद चार विभागांत एकवटू. १९९६ मध्ये विभागांची सरशी झाली आणि चार व्यावसायिक संघ उभे राहिले.

इथे 'क्लब' या शब्दाचा गुंता सुरू होतो आणि तो आजवर सुटलेला नाही. स्कॉटिश माणूस 'माझा क्लब' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात शाळेचा किंवा गावाचा क्लब असतो. तिथे सभासद असतात, सभा होतात, आजोबांच्या काळचे फोटो भिंतीवर असतात. एडिनबर्ग किंवा ग्लासगोचा व्यावसायिक संघ त्या अर्थाने क्लब नाही. तो जुन्या विभागीय निवड संघाचा वारस आहे. त्याचा मालक राष्ट्रीय संघटना आहे, खेळाडूंचे करारही तिच्याशीच. आपल्याकडे कबड्डीत गल्लीतले मंडळ वेगळे, जिल्ह्याचा संघ वेगळा आणि २०१४ नंतर आलेला लीगचा संघ आणखी वेगळा. गल्लीतल्या मंडळासाठी भांडणारा माणूस लीगच्या संघासाठी आपसूक भांडत नाही, त्याला तिकडे वळवावे लागते. स्कॉटलंडमध्ये विभागाच्या संघाला वर्तमानपत्रांनी 'क्लब' म्हणायला सुरुवात केली, पण नुसते म्हटल्याने निष्ठा तयार होत नाही.

त्यात नावेही स्थिर राहिली नाहीत. १९९८ मध्ये पैसा पुरेना म्हणून चाराचे दोन संघ केले. उत्तरेचा कॅलेडोनिया ग्लासगोत विलीन झाला आणि 'ग्लासगो कॅलेडोनियन्स' हे नाव आले. दक्षिणेचा बॉर्डर्स एडिनबर्गमध्ये गेला आणि 'एडिनबर्ग रीव्हर्स' तयार झाले. २००२ मध्ये बॉर्डर्सचा संघ पुन्हा वेगळा काढला, गालाशील्सच्या नेदरडेल मैदानावर. मग एडिनबर्ग 'गनर्स' झाले, पुढे ग्लासगो 'वॉरियर्स' झाले. दहा वर्षांत इतकी नावे बदलल्यावर आपल्या पोराला कोणत्या संघाचा स्कार्फ घ्यायचा, हेच कळेनासे झाले.

२००७ चा निर्णय या सगळ्यात सर्वांत वादाचा. मरेफील्डच्या नूतनीकरणापासून चढलेले कर्ज संघटनेच्या डोक्यावर होते. तीन संघ पोसणे जमत नव्हते. एडिनबर्गचा संघ २००६ मध्ये खासगी मालकांकडे दिला होता, पण वर्षभरात पैशांवरून वाद पेटला आणि २००७ मध्ये तो परत संघटनेकडे आला. त्याच वर्षी बॉर्डर्सचा संघ बंद करण्यात आला. कारण सरळ होते: प्रेक्षक कमी, निकाल वाईट, अख्ख्या प्रदेशाची वस्ती लाखाच्या थोडी वर.

हिशेबाच्या वहीत हे बरोबर दिसते. पण त्या संघाला मिळाली ती पाच वर्षे, तीही वरच्या दर्जाचे खेळाडू दुसरीकडे वळवले जात असताना. स्कॉटलंडला पिढ्यान्पिढ्या राष्ट्रीय खेळाडू देणारा, सात-सात जणांच्या रग्बीला १८८३ मध्ये जन्म देणारा प्रदेश व्यावसायिक खेळाच्या नकाशावरून पुसला गेला. आपल्या गावच्या क्लबवर जीव टाकणाऱ्या त्या माणसांना 'आता एडिनबर्गला टाळ्या वाजवा' असे सांगितले गेले. अनेकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एडिनबर्गला पुढे जी वर्षे रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळावे लागले, त्यांची मुळे इथेही आहेत, केवळ निकालांत नाहीत. संघटनेच्या बाजूने इतके म्हणता येईल की दोनच संघ ठेवल्याने ते टिकले. ग्लासगोने २०१५ मध्ये आणि २०२४ मध्ये अनेक देशांच्या संघांची व्यावसायिक लीग जिंकली, दुसऱ्यांदा तर दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात जाऊन.

दोनच संघ उरल्यावर त्यांच्या परस्पर लढतींना एक नाव, एक चषक देण्याची गरज भासली. जुन्या नोंदींत बर्नबँक होते. तिथून १८७२ हा आकडा उचलला गेला. हंगामातल्या एडिनबर्ग-ग्लासगो लीग सामन्यांची एकत्र गुणसंख्या धरून चषक द्यायचा, अशी साधी पद्धत ठरली. मधे काही हंगाम तीन सामन्यांचेही झाले. नाव सतत बदलणाऱ्या संघांना या एका आकड्याने मूळ मिळवून दिले. उसने असले तरी ते खोटे नव्हते, कारण शहरे तीच होती.

नाताळची वेळ मात्र इतिहासातून आलेली नाही, ती लीगच्या वेळापत्रकातून आली. स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, इटली आणि आता दक्षिण आफ्रिका अशा देशांत पसरलेल्या लीगमध्ये डिसेंबरच्या शेवटी संघांना विमानाने फिरवणे नकोसे असते. पाहुण्या संघाचे पाठीराखेही त्या आठवड्यात परदेशी जात नाहीत. म्हणून त्या दिवसांत शेजाऱ्यांचे सामने लावले जातात: वेल्समध्ये वेल्शांचे, आयर्लंडमध्ये आयरिशांचे. स्कॉटलंडमध्ये दोनच संघ, त्यामुळे वाटणीला हाच सामना आला. एडिनबर्ग आणि ग्लासगो यांच्यात रेल्वेने तासाभराचेही अंतर नाही. लंडनला किंवा परदेशात नोकरी करणारी पोरे त्या आठवड्यात घरी आलेली असतात. वर्षअखेरच्या उत्सवासाठी एडिनबर्ग पाहुण्यांनी भरलेले असते. आणि १९७४ पासून दोन दिवसांची सुट्टी आहेच.

सुरुवातीला तरी गर्दी आपोआप आली नाही. एडिनबर्ग तेव्हा हंगामभर मरेफील्डवरच खेळत असे. साध्या लीग सामन्याला तीन-चार हजार लोक ६७ हजार खुर्च्यांमध्ये विखुरलेले. मैदानावरचा कर्णधार ओरडला तर वरच्या मजल्यावर ऐकू जाई. १९७५ मध्ये ज्या मरेफील्डवर वेल्सविरुद्ध १ लाख ४ हजार लोक जमले होते, तेच हे मैदान. ग्लासगोविरुद्धच्या सणाच्या सामन्याला आकडा वाढे, आणि तिथून क्लबला कळले की वर्षातून एकदा का होईना, हे स्टेडियम आपल्याला वापरता येईल. मग शाळा आणि छोट्या क्लबांना तिकिटांचे गठ्ठे देणे, मुलांना स्वस्त प्रवेश, मध्यंतरात बालसंघांचे सामने अशी वर्षानुवर्षे मशागत झाली. २०१८ च्या डिसेंबरात २७ हजारांवर लोक आले, तो तेव्हाचा उच्चांक होता. साथीच्या वर्षांत स्टेडियम ओस पडले. त्यानंतरच्या हंगामांत ३० हजारांचा टप्पाही मागे पडला.

एक गोष्ट जाहिरातीत येत नाही, पण तिच्याशिवाय डिसेंबरातला सामना भरवशाचा नसता. १९५९ मध्ये एका व्हिस्की उत्पादकाच्या देणगीतून मरेफील्डच्या हिरवळीखाली विजेच्या तारांची गरम चादर घातली गेली, जमीन गोठू नये म्हणून. पुढे यंत्रणा बदलली, पण सोय राहिली. चार महिने आधी तिकीट विकताना सामना होणारच असे क्लबला सांगता येते, त्यामागे ही जमिनीखालची ऊबही आहे. बाकी थंडी, ओला वारा आणि चारच्या आत पडणारा अंधार प्रेक्षकाने सोसायचा. स्टेडियमच्या दारात ट्राम थांबते ती २०१४ पासून. बॉर्डर्सची रेल्वे १९६९ मध्ये बंद झाली होती, ती २०१५ मध्ये ट्वीडबँकपर्यंत पुन्हा सुरू झाली. २००७ मध्ये ज्यांचा संघ गेला, त्या गालाशील्सच्या माणसाला आता रेल्वेने एडिनबर्ग गाठता येते. तो येतो का आणि कोणाचा स्कार्फ घालून येतो, याकडे तिकीटविक्री करणाऱ्यांचे बारीक लक्ष असते.

२०२४ मध्ये ग्लासगोनेही हीच वाट धरली. आपले छोटे स्कॉट्सटन मैदान सोडून डिसेंबरचा घरचा सामना त्यांनी हॅम्पडेन पार्कवर, म्हणजे फुटबॉलच्या राष्ट्रीय मैदानावर नेला. पंचवीस हजारांहून जास्त लोक आले. फुटबॉलच्या शहरात रग्बीसाठी ही लहान गोष्ट नव्हती. आता दोन्ही संघ त्या पंधरवड्यात आपले घर सोडून मोठ्या मैदानावर एकमेकांना भेटतात आणि जानेवारीत पुन्हा सात-आठ हजारांच्या मैदानांवर परततात.