पार्श्वभूमी: ट्रान्स पुरुष, पीसीओएस आणि मागे पडलेला साखरेचा प्रश्न

पीसीओएस म्हणजे पाळी अनियमित होणं, पुरुषी संप्रेरकं वाढणं अशी लक्षणं असलेला बीजांडकोशांचा विकार. त्याच्या इतिहासात मधुमेह फार आधी येतो. १९२१ मध्ये आशार आणि तिएर या फ्रेंच डॉक्टरांनी दाढी-मिशा आलेल्या स्त्रियांमधल्या मधुमेहाची नोंद केली. पण आजाराला चेहरा मिळाला तो १९३५ मध्ये. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी पाळी बंद झालेल्या, बीजांडकोश मोठे झालेल्या सात स्त्रियांचं वर्णन केलं. तिथून पुढे हा आजार स्त्रीरोगतज्ज्ञांचा झाला आणि बोलणं पाळी व मूल याभोवतीच फिरत राहिलं. पुरुषी संप्रेरकं वाढलेल्या या रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनही वाढलेलं असतं, हे १९८० मध्ये दिसलं, तेव्हा कुठे चयापचयाकडे पुन्हा लक्ष गेलं.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक प्रयोगशाळेत तयार झालं तेही १९३५ मध्येच. चारच वर्षांत ब्रिटनमधले ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेले, पण स्वतः पुरुष असलेले) मायकेल डिलन ते घेऊ लागले.

ट्रान्स पुरुषांमध्ये पीसीओएस जास्त आढळतो, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये चाळीस जणांना तपासून मांडलं. २००७ च्या जपानी अभ्यासात संप्रेरकं सुरू न केलेल्या ६९ जणांपैकी ५८ टक्क्यांना तो होता. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या अभ्यासात मात्र ट्रान्स नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे पीसीओएसमुळे माणूस ट्रान्स होतो, असं म्हणायला या अभ्यासांत आधार नाही; तरीही तसं ऐकवलं जातं, आणि ते ऐकणाऱ्याला फार लागतं. दरम्यान, १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी टेस्टोस्टेरॉन घेतलेल्या ट्रान्स पुरुषांचे बीजांडकोश पीसीओएसचा नमुना म्हणून अभ्यासले. मला यात खटकतं ते हे, की कारण शोधायला ही माणसं कामी आली, पण त्यांच्या स्वतःच्या साखरेची, कोलेस्टेरॉलची चौकशी मागेच राहिली.

पीसीओएसच्या निदानाच्या निकषांतही ही माणसं नीट बसत नाहीत. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचं आधिक्य आणि सोनोग्राफीत बारीक पुटकुळ्यांनी भरलेले दिसणारे बीजांडकोश या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात. टेस्टोस्टेरॉन सुरू झालं की पाळी बहुधा थांबते, अंगावर केस येतात ते हवेच असतात आणि रक्तातलं संप्रेरक औषधाचं असतं. म्हणून पाळीची माहिती आणि रक्ततपासणी उपचाराआधीच झालेली बरी. योनीमार्गातून होणारी सोनोग्राफी अनेकांना नकोशी वाटते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढांसाठी तिच्याऐवजी एएमएच (बीजांडकोशातून येणारं एक संप्रेरक) मोजणारी रक्तचाचणी चालेल असं मान्य केलं, हा मोठाच दिलासा.

टेस्टोस्टेरॉनने स्नायू वाढतात, पण चांगलं कोलेस्टेरॉल घटतं आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, वाढतं. इन्सुलिनवर होणाऱ्या परिणामाबाबत अभ्यासांचं एकमत नाही. पीसीओएसमध्ये मधुमेहाचा धोका मुळातच जास्त असतो. म्हणून अशा ट्रान्स पुरुषाची साखर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब औषध सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरावीक काळाने तपासावे लागतात, वजन कितीही असलं तरी.