स्प्लिट एसी बसवताना: तांब्याच्या पाइपची जोडणी आणि गळतीची तपासणी

उन्हाळ्याच्या तोंडावर एसीत गॅस भरून घ्यायचा, असा बऱ्याच घरांत रिवाजच पडला आहे. खरे तर एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद चक्रात तोच तो फिरत राहतो आणि जोडणी नीट असेल तर वर्षानुवर्षे पुरतो. गॅस कमी झाला म्हणजे तो कुठून तरी गळतो आहे. घरच्या एसीत ही गळती बहुधा फ्लेअर नटच्या (पाइपचे फुलवलेले तोंड आवळून धरणाऱ्या पितळी नटच्या) चार सांध्यांपैकी एकात सापडते: दोन इनडोअरच्या मागे, दोन आउटडोअरच्या व्हॉल्व्हवर.

आम्ही एसी कसा बसवतो, ते खाली सांगतो. माहिती दीड टनी, आर-32 गॅसच्या एसीची आहे. त्याला बहुधा दोन सूत (पाव इंच) आणि चार सूत (अर्धा इंच) असे दोन पाइप लागतात. हा गॅस जुन्या आर-22 पेक्षा बराच जास्त दाबाचा आहे. 40 अंशांच्या दुपारी मशीन बंद असतानाही आत 340 पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) वर दाब असतो. आर-22 चा 200 च्या आसपास असे. त्या काळी खपून गेलेला कच्चा सांधा आता टिकत नाही.

फ्लेअर

पाइप कटरनेच कापायचा, करवतीने नाही. कापल्यावर आतली धार रीमरने काढताना पाइपचे तोंड खाली धरतो, नाहीतर तांब्याचा कीस आत पडतो आणि पुढे कॅपिलरीत (गॅसचा दाब उतरवणाऱ्या अगदी बारीक नळीत) अडकतो. मग नट ओवून पाइपचे तोंड कर्ण्यासारखे फुलवतो; यालाच फ्लेअर म्हणतात. ते सर्व बाजूंनी सारखे आणि गुळगुळीत हवे. लहान राहिले तर समोरच्या जोडाच्या निमुळत्या बैठकीवर पुरेसे टेकत नाही, मोठे झाले तर नटात अडकते. चीर किंवा ओरखडा दिसला की तेवढा तुकडा कापून पुन्हा करायचे, दुसरा इलाज नाही. टेफ्लॉन टेप किंवा एम-सील इथे उपयोगाचे नाही, कारण गॅस आट्यांनी अडत नाही. पितळी बैठकीवर तांबे दाबून बसते तिथे तो अडतो.

नट आधी हाताने पूर्ण फिरवतो, मग दोन पान्यांनी आवळतो. दोन सुती नटला साधारण 15 ते 18 न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचे माप), चार सुतीला 50 ते 60. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरतो. जोर लावून जास्त आवळले तर फ्लेअर पातळ होऊन चिरतो, आणि ही गळती कधी कधी काही महिन्यांनी उघड होते.

नायट्रोजनची चाचणी

आउटडोअरचे व्हॉल्व्ह बंद ठेवून पाइप आणि इनडोअरमध्ये कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून टप्प्याटप्प्याने 400 पीएसआयपर्यंत भरतो. मशीनच्या प्लेटवर लिहिलेला कमाल दाब कधीही ओलांडत नाही. प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावतो आणि दाबाच्या गेजचा काटा किमान अर्धा तास पाहतो. हवा 5 अंशांनी थंड झाली तर गळती नसतानाही काटा साधारण 7 पीएसआय उतरतो, म्हणून तापमानही लिहून ठेवतो. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरणारा कोणी भेटला तर काम तिथेच थांबवा: दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

व्हॅक्यूम

आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून पाइपातली हवा हुसकायची, ही पद्धत पाच मिनिटांत उरकते आणि म्हणूनच फार चालते. आम्ही ती करत नाही. मोजून भरलेला गॅस त्यात वाया जातो आणि पाइपातला दमटपणा तसाच राहतो. आर-32 सोबतचे तेल पाणी पटकन ओढते, त्यातून आम्ल तयार होते आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचे (मोटरच्या तारांच्या वेटोळ्यांचे) इन्सुलेशन खराब होते. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, हा धोका जास्त.

व्हॅक्यूम पंप 20 ते 30 मिनिटे चालवून पाइपातला दाब 500 मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचे अगदी बारीक एकक) खाली आणतो, मग पंप बंद करून दहा मिनिटे थांबतो. आकडा थोडा वाढून स्थिरावला तर आत ओल आहे, पंप पुन्हा चालवायचा. वाढतच राहिला तर गळती आहे. साध्या काट्याच्या गेजवर हा फरक दिसत नाही, त्याला डिजिटल मायक्रॉन गेजच लागतो.

यानंतरच ॲलन कीने व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्हच्या टोप्या परत आवळून लावतो; त्याही गॅस अडवतात.

पुढे तुम्ही काय पाहायचे

नटभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला किंवा एसी चालू असताना आउटडोअरजवळ बारीक पाइपवर बर्फ धरला, तर गॅस कमी झाल्याची शंका घ्या आणि टॉप-अपआधी गळती शोधून मागा. घर बदलताना जुने फ्लेअर कापून नवे करून घ्या. आर-32 काहीसा ज्वलनशील आहे. खोलीत गळल्याची शंका आली तर दारे-खिडक्या उघडा, आग किंवा ठिणगी होईल असे काही करू नका.

काम संपल्यावर नायट्रोजनचा दाब, थांबलेला वेळ, मायक्रॉनचा आकडा आणि पाइपची लांबी कार्डावर लिहून देतो. ठरावीक लांबीपेक्षा पाइप जास्त असेल तर दर मीटरला किती ग्रॅम गॅस वाढवायचा हे पुस्तिकेत दिलेले असते. तो वजनकाट्यावर तोलूनच भरतो आणि तेही वजन कार्डावर लिहितो.