‘दादा’ प्लेटचं चलान आणि अमेरिकेतली नाकारलेली प्लेट: ही दोन वेगळी भांडणं आहेत

सोलापुरात नंबर प्लेटची मोहीम लागली की चौकात आणि व्हॉट्सॲपवर तोच वाद सुरू होतो. ‘दादा’ लिहिलेल्या गाडीचं चलान झालेलं असतं आणि मालक विचारत असतो, “दादा शब्दात आक्षेपार्ह काय आहे? नंबर तर मी आरटीओत पैसे भरून घेतलाय.” लगेच कुणीतरी अमेरिकेतली बातमी पाठवतो: तिकडे एकाने प्लेटवर शिवी घेतली, सरकारने ती परत मागितली, तरी कोर्ट गाडीवाल्याच्या बाजूने उभं राहिलं. मग ठरलेला निष्कर्ष येतो की तिकडे स्वातंत्र्य आहे आणि इकडे नुसता जाच. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो पुन्हा पुन्हा वाचून मी कंटाळलो आहे.

आपला चॉइस नंबर काय असतो हे सगळ्यांना माहीत आहे. एमएच १३ आरटीओ देणार, पुढची मालिकेची अक्षरं आरटीओ देणार, शेवटचे चार अंक तेवढे तुम्ही निवडणार. एका नंबरला दोन अर्ज आले तर लिलाव. ऑगस्ट २०२४ पासून ०००१ साठी चारचाकीला ५ लाख आणि दुचाकीला १ लाख रुपये मोजावे लागतात. मुंबई-पुण्यात चारचाकीला ६ लाख.

अमेरिकेतली पर्सनलाइज्ड प्लेट ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मालक सहा-सात अक्षरांचा स्वतःचा मजकूर मागतो. राज्याच्या कार्यालयाने तो मंजूर केला की तोच त्या गाडीचा नोंदणी क्रमांक होतो. सरकारी दफ्तरात तोच मजकूर, प्लेटवरही तोच, सरकारनेच छापलेला, नेहमीच्या ठशात. पोलिसाने तो संगणकावर टाकला की गाडी सापडते. म्हणून तिथे वाचता येण्याचा प्रश्न येत नाही. प्रश्न असतो तो अर्थाचा: हे शब्द सरकारी पत्र्यावर शोभतात का?

त्यावर तिथल्या कोर्टांचंही एकमत नाही. इंडियाना राज्यात एका पोलिसानेच स्वतःच्या प्लेटवर डुकराच्या ओरडण्याचा इंग्रजी शब्द घेतला होता. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्लेटवरचा मजकूर हे सरकारचं बोलणं आहे, त्यामुळे सरकार नाही म्हणू शकतं. टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तेच म्हटलं. मेरीलँडच्या कोर्टाने २०१६ मध्ये बोलणं मालकाचं मानलं, पण स्पॅनिश शिवीची प्लेट परत घेण्याचा सरकारचा हक्क कायम ठेवला. उलट केंटकीत ‘मी देव आहे’ अशा अर्थाची प्लेट नाकारणारं सरकार २०१९ मध्ये हरलं. ऱ्होड आयलंडमध्ये विजेवरच्या टेस्लावर पेट्रोलला शिवी देणारी अक्षरं होती. २०२० मध्ये फेडरल न्यायाधीशाने ती प्लेट तूर्त काढून घेऊ नका असा आदेश दिला. आपल्या ग्रुपवर फिरतात त्या बातम्या या दोन शेवटच्या जातीच्या. सरकार जिंकल्याची बातमी कुणी पाठवत नाही.

आता आपल्याकडचं बघा. तुम्ही ४१४१ घेतला. आरसीवर ४१४१ आहे, वाहन पोर्टलवर ४१४१ आहे. ‘दादा’ कुठेच नाही. रेडियमवाल्याने इंग्रजी चारचा द केला आणि एकाचा काना. म्हणजे गाडीच्या मागे जे लावलंय तो तुमचा नोंदणी क्रमांक नाहीच. ८०५५ चं इंग्रजीत ‘बॉस’ करणाऱ्यांचंही तेच. आरटीओने तुम्हाला अंक विकले, त्यांचं रूप बदलायचा हक्क विकलेला नाही. ही एक गोष्ट समजली की बाकीचा वाद उरत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ५० आणि ५१ मध्ये सगळं लिहिलेलं आहे: अक्षरं इंग्रजी, अंक आंतरराष्ट्रीय, चारचाकीवर प्रत्येकाची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १०, मधलं अंतर १०. शब्द चांगला की वाईट याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ‘दादा’च्या जागी ‘आई’ काढा, दंड तोच: मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुढे १५००. कारण सात रस्ता चौकात एखाद्या म्हाताऱ्याला धडक देऊन गाडी पळाली तर बघणारा सांगणार ‘दादा’, आणि सोलापुरात ‘दादा’ किती आहेत ते तुम्हीच मोजा. कॅमेऱ्यालाही तो नंबर वाचता येत नाही. म्हणून “आक्षेपार्ह काय आहे?” हा प्रश्न चलान करणाऱ्याला विचारून उपयोग नाही. त्याने अर्थावर आक्षेप घेतलेलाच नसतो.

प्लेटवर मराठी अक्षरं-अंक का नकोत, हा मुद्दाही इथेच काढला जातो, आणि त्याने मला खरोखर त्रास होतो, कारण मराठी पाट्यांसाठी मीही भांडतो. पण हा नियम देशभर सारखा आहे. आपल्या गाड्या रोज विजापूरला आणि कलबुर्गीला जातात, तिकडच्या रोज होटगी रोडवर येतात. कानडी अंकांतली प्लेट आपल्या हवालदाराने वाचावी अशी अपेक्षा आपण करत नाही.

गोंधळाला बातम्याही जबाबदार आहेत. लाखाला विकला गेलेला नंबरही ‘फॅन्सी’ आणि दंड झालेली प्लेटही ‘फॅन्सी’. पहिली गोष्ट पूर्ण कायदेशीर, दुसरी बेकायदा.

अर्थावरून वाद आपल्याकडे झालाच नाही असं नाही. दिल्लीत दुचाकीच्या नंबरात एस अक्षर असतं. २०२१ मध्ये त्याच्यापुढे ई-एक्स ही मालिका आली आणि तिघं मिळून ‘सेक्स’ झालं. स्कूटरवाल्या मुलीला रस्त्यात चिडवलं जाऊ लागलं, आणि डिसेंबरमध्ये दिल्ली महिला आयोगाने परिवहन विभागाला नोटीस दिली. तिने ती अक्षरं निवडली नव्हती. अमेरिकेत आक्षेप सरकारचा असतो आणि मजकूर मालकाचा. इथे मजकूर सरकारचा होता.

मला विचाराल तर यात ब्रिटनची पद्धत सर्वांत चांगली. तिथेही आपल्यासारखाच ठराविक साचा आहे आणि त्यातलाच नंबर विकत मिळतो. पण वर्षातून दोनदा नवी मालिका येते तेव्हा वाईट वाचले जातील असे नंबर कार्यालय आधीच बाजूला काढतं. आणि विकत घेतलेल्या नंबरातली अक्षरं सरकवून कुणी त्याचं नाव केलं, तर १,००० पौंडांपर्यंत दंड. अर्थाची चाळणी नंबर विकण्याआधी, रूपाची रस्त्यावर. ही पहिली चाळणी आपल्या परिवहन खात्यांनी नीट लावली तर दिल्लीतल्या मुलीवर आली तशी वेळ कुणावर येणार नाही. अमेरिकेसारखा मोकळा मजकूर मात्र इथे येऊ नये असं माझं ठाम मत आहे; आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात जात आणि पक्ष प्लेटवर चढतील.

एक शंका आणखी, कारण ती हल्ली फार ऐकू येते: १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे सरकारची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवली तर चॉइस नंबर जातो का? नाही. ४१४१ असेल तर नव्या पत्र्यावरही ४१४१ च येतो आणि आरसी तशीच राहते. फक्त रेडियमची पाटी उतरते.