न तुटलेल्या जंगलाचा हिशेब

शेअर बाजारात नोंद असलेल्या सर्वांत मोठ्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून सेबीच्या नियमानुसार पर्यावरणाचा सविस्तर अहवाल द्यावा लागतो. त्यातल्या कितीतरी कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत आहेत आणि तिथे ‘कार्बन क्रेडिट’ हा शब्द आता रुळला आहे. जगभर विकल्या जाणाऱ्या क्रेडिटांत जंगलांचा वाटा मोठा. अमुक देशातलं जंगल तुटणार होतं, ते वाचवलं, म्हणून इतके टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला नाही. दर टनामागे एक क्रेडिट; ते विकत घेणारी कंपनी आपल्या धुराच्या हिशेबातून तेवढा टन वजा करते. जे घडलंच नाही त्याची किंमत ठरवणारी ही पद्धत आली कुठून, हे क्रेडिट विकत घेणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

सुरुवात साधी होती. 1988 मध्ये एईएस या अमेरिकी वीज कंपनीने कनेक्टिकटमधल्या आपल्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुराची भरपाई म्हणून ग्वाटेमालातल्या शेतकऱ्यांना झाडं लावण्यासाठी पैसे दिले. लावलेली झाडं निदान मोजता येतात. उभं जंगल न तोडण्याचा पहिला मोठा प्रयोग दहाएक वर्षांनी बोलिव्हियात, नोएल केम्फ राष्ट्रीय उद्यानात झाला. वीज आणि तेल कंपन्यांच्या पैशातून लाकूडतोडीचे परवाने विकत घेऊन रद्द केले गेले आणि उद्यानाची हद्द वाढवली गेली.

धूर कमी करण्याचा देशादेशांतला क्योटो करार 1997 चा. त्याचे बारीकसारीक नियम 2001 मध्ये माराकेशला ठरले, तेव्हा नवी झाडं लावणं त्यात बसलं, पण जंगलतोड रोखणं बाहेर राहिलं. शंका रास्त होत्या. इथली तोड थांबली आणि तोच ठेकेदार पलीकडच्या डोंगरावर गेला तर? वीस वर्षांनी वणवा लागला तर? मुंबईने या बाजाराचं पहिलं रूप पाहिलं ते 2008 मध्ये, एमसीएक्स या मुंबईतल्या वायदे बाजारात कार्बन क्रेडिटचे वायदे सुरू झाले तेव्हा. त्यात जंगल जवळपास नव्हतंच; पवनचक्क्या आणि कारखान्यांच्या क्रेडिटांचा तो बाजार. तेव्हा टनाला वीस युरोंच्या आसपास असलेला भाव 2012 अखेर एका युरोखाली गेला.

जंगलाचा विषय पुन्हा पटलावर आणला तो पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिकाने, 2005 च्या मॉन्ट्रियल हवामान परिषदेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लाकूड विकलं तर पैसे मिळतात, जंगल राखलं तर काहीच नाही, मग गरीब देशाने काय करावं? 2007 मध्ये बालीत हा मुद्दा मान्य झाला. नुसती तोड कमी करणाऱ्यालाच नव्हे, तर जंगल आधीपासून राखणाऱ्याला आणि वाढवणाऱ्यालाही मोबदला हवा, हा आग्रह भारताचा होता. पुढे ‘रेड प्लस’ म्हणून जी योजना ओळखली गेली, त्यातला ‘प्लस’ त्या आग्रहातून आला. सरकारी वाटाघाटी वॉर्सा (2013) आणि पॅरिसपर्यंत (2015) रेंगाळल्या. तोवर खासगी बाजार पुढे निघून गेला होता: केनियातल्या कासिगाऊ प्रकल्पाला 2011 मध्येच क्रेडिट मिळाली.

सगळी मेख आधाररेषेत, म्हणजे प्रकल्प नसता तर किती जंगल तुटलं असतं या अंदाजात आहे. समजा, हजार हेक्टरचं जंगल आहे. प्रकल्पवाले सांगतात, आम्ही नसतो तर दरवर्षी वीस हेक्टर तुटलं असतं. प्रत्यक्षात पाच तुटलं. पंधरा हेक्टर वाचलं, त्याला हेक्टरी साठलेल्या कार्बनने गुणलं की क्रेडिट तयार. पण शेजारी तसंच जंगल आहे, तिथे कोणताही प्रकल्प नाही आणि तिथेही वर्षाला सहाच हेक्टर तुटतं. मग खरी बचत एक हेक्टर. उरलेलं चौदा हेक्टर फक्त कागदावर वाचलं, आणि ते वीस हेक्टरचं भाकीत करणाऱ्यालाच क्रेडिट विकून पैसे मिळणार होते. 2023 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात सहा देशांतल्या 26 प्रकल्पांची अशीच तुलना आली. ज्या प्रकल्पांच्या क्रेडिटांचा हिशेब लागला, त्यांत जेमतेम सहा टक्के क्रेडिटांमागे खरी बचत दिसली. त्याच वर्षी जानेवारीत ‘गार्डियन’ आणि इतर पत्रकारांनी व्हेरा या सर्वांत मोठ्या प्रमाणन संस्थेवर बोट ठेवलं होतं. व्हेराने आरोप नाकारले, पण वर्षअखेर आधाररेषा काढण्याची पद्धत मात्र बदलली.

जंगल वाचतच नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनची वार्षिक तोड 2004 मध्ये सुमारे 27,800 चौरस किलोमीटर होती, ती 2012 मध्ये सुमारे 4,600 वर आली. ते घडलं उपग्रहांच्या पहाऱ्यामुळे, दंडामुळे, आदिवासींच्या राखीव प्रदेशांमुळे, जंगल तोडलेल्या जमिनीवरचं पीक न घेण्याच्या, सोयाबीन व्यापाऱ्यांनी स्वतःवर घातलेल्या बंधनामुळे. नॉर्वेने 2008 पासून ॲमेझॉन निधीला मोठी रक्कम दिली, पण ती तोड घटल्याचं पाहून, आणि तिच्या बदल्यात स्वतःच्या धुरातून एक टनही वजा केला नाही. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडचा नमुना मेघालयात आहे. पूर्व खासी टेकड्यांत मावफ्लांग परिसरातल्या पारंपरिक हिमांनी, म्हणजे खासी संस्थानांनी, मिळून संस्था काढली आणि जंगल राखायला घेतलं. तिथे आपल्या देवराईसारखी जुनी राई आहे. तिच्यातून पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही असा दंडक. राईबाहेरचं जंगल मात्र वणवा, कोळसाभट्ट्या आणि दगडखाणींनी खंगत होतं. गावांनी जाळरेषा काढल्या, चराईला आवर घातला, सरपण कमी लागावं म्हणून सुधारित चुली आणल्या. जमीन त्यांची, निर्णय त्यांचे, म्हणून क्रेडिटचा पैसाही गावच्या कामात जातो.

महाराष्ट्रात हा धडा कार्बनच्या आधीच गिरवला गेला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. बांबू विकायचा की राखायचा हे ग्रामसभा ठरवते. असा हक्क आधी, आणि क्रेडिटचा करार नंतर. क्रम उलटला की जंगल कंपनीच्या वहीत जातं आणि सरपण आणणारी बाई चोर ठरते.

केंद्राने 2023 मध्ये देशी कार्बन बाजाराची योजना अधिसूचित केली, आणि 2025 मध्ये त्यासाठी मान्य झालेल्या पद्धतींत कांदळवन लागवडही आहे. म्हणजे हा प्रश्न आता ठाणे आणि मालाडच्या खाड्यांपर्यंत येऊ शकतो. तिथल्या तिवरांत कोळी पिढ्यान्‌पिढ्या खेकडे, निवट्या, कालवं धरतात. खाडीतल्या एखाद्या टनाची विक्री होण्याआधी त्या कोळीवाड्यांची संमती लेखी घ्यायला हवी, आणि आधाररेषा कुणी, कशावरून काढली तो कागद मराठीत त्यांच्यासमोर ठेवायला हवा.