प्रीफॅब घराची भिंत कशाची हवी?

भिंती आणि छत कारखान्यात तयार करायचे, ट्रकवर लादून आणायचे, जागेवर नट-बोल्टनं जोडायचे. कोल्हापूरच्या आसपास अशी प्रीफॅब घरं आता फार्महाऊससाठीही उभी राहतात. विकणारा त्यांना पर्यावरणपूरक म्हणतोच. पाणी कमी लागतं, राडारोडा कमी होतो, हे खरंही आहे. पण भिंत कशाची, हे विचारायलाच हवं.

काँक्रीटच्या तयार पॅनेलमध्ये अडचण सिमेंटची. सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. 100 किलो शुद्ध चुनखडीमागे 44 किलो. इंधनाचा धूर वेगळाच. म्हणजे भट्टी उद्या सौर विजेवर चालवली तरी हा वायू सुटणारच. त्यावर तोड म्हणजे क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून निघालेला सिमेंटचा मुख्य घटक, कमी करणं. फ्लाय अॅश (कोळशाची उडणारी राख) घातलेलं सिमेंट दुकानात मिळतंच. भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी मिसळलेल्या एलसी-3 सिमेंटमध्ये क्लिंकर निम्म्यावर येतं. भारतात त्याचं मानक 2023 मध्ये आलं.

लोखंडी सांगाड्याचं गणित शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना पाठ असेल. खनिजापासून कोळशावर पोलाद करायचं तर टनामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. भंगार वितळवून केलेल्या पोलादाचा भार बराच कमी. शिवाय सांगाडा वेल्डिंगऐवजी बोल्टनं जोडला असेल तर तो सोडवून दुसरीकडे उभा करता येतो. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पफ पॅनेलचं तसं नाही. आत गारवा राहतो, पण फोम पत्र्याला असा चिकटलेला असतो की पुढे दोन्ही वेगळे करणं जिकिरीचं होतं.

ऊसपट्ट्यात बगॅसचा, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याचा, बोर्ड सुचणं साहजिक आहे. वाळलेल्या काडीच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो भिंतीत आहे तोवर हवेत जात नाही. मात्र बगॅस फुकट पडलेला नाही. साखर कारखान्याचा बॉयलर त्याच्यावर चालतो, गुऱ्हाळाचं चुलवाण चिपाडावर पेटतं. बोर्डासाठी तो नेला आणि बॉयलरमध्ये कोळसा आला, तर कमावलं काय? बोर्डाला वापरलेलं रेझिन, म्हणजे चोथा चिकटवणारा डिंक, तेही विचारून घ्यावं. युरिया-फॉर्मल्डिहाइडचं असेल तर उष्ण, दमट हवेत फॉर्मल्डिहाइड जास्त सुटतं.

आणि इथं महापूर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. पाण्यात राहिलेला बगॅस बोर्ड कडांना फुगतो, स्क्रूची पकड सुटते, वाळला तरी पूर्ववत होत नाही. दर पुरानंतर बदलावी लागणारी भिंत कशाचीही असो, तिला पर्यावरणपूरक म्हणणं मला पटत नाही. चिखली-आंबेवाडीसारख्या गावात पूररेषेपर्यंत काँक्रीट किंवा जांभा आणि बोर्ड त्याच्या वर, हे जास्त शहाणपणाचं. जांभा खाणीतून कापून तसाच वापरतात, भट्टी लागत नाही. खाणीची जखम डोंगरावर राहते, तेवढं खरं.

आजरा-चंदगडच्या बाजूला बांबू आहे. तीन-चार वर्षांचा पक्का बांबू तोडावा, कोवळ्यात भुंगा लवकर शिरतो. त्याच्या आतल्या पिठूळ भागावरच किडा जगतो, म्हणून बांबू बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवतात. पण या द्रावणातलं बोरॉन पावसात धुऊन जातं. त्यामुळे बांबूचा खांब मातीत पुरायचा नाही, दगडी जोत्यावर उभा करायचा, आणि वळचण चांगली पुढे काढायची. गगनबावड्याच्या पावसात तर जरा जास्तच.