होडी उचलणारी पाती

भीमेवरच्या उजनी धरणातल्या जलपर्यटनाचा विषय निघाला की करमाळा-टेंभुर्णीपासून सोलापुरापर्यंतच्या ग्रुपांवर 'उडणाऱ्या' होड्यांचे व्हिडिओ फिरू लागतात. होडीचा तळ पाण्याच्या हातभर वर, खाली दोन-तीन बारीक खांब, आणि मागे लाट जवळजवळ नाहीच. सोबतचा मजकूर ठरलेला: साध्या होडीला बाजूने ही पाती बसवा, वेग तिप्पट, डिझेल निम्मं. व्हिडिओ खरे असतात, पण मजकुरातून मुख्य गोष्टच गळालेली असते. ही पाती, म्हणजे हायड्रोफॉईल, होडीला पुढे ढकलत नाहीत. ढकलतं ते इंजिन, आणि पाण्यात काहीही जादा घातलं की रोध वाढतोच. पाती होडीला वर उचलतात. तळ पाण्याबाहेर आला की जो रोध वाचतो, त्यातून वेग मिळतो. आणि होडी तशी उचलून धरायची तर पात्यांचा समोरून येणाऱ्या पाण्याशी असलेला कोन सतत बदलत राहावा लागतो. सगळी मेख त्या कोनात आहे.

तळ पाण्यात असताना नेमकं काय अडतं ते आधी पाहू. होडी निघाली की तिच्या पुढच्या टोकाशी पाणी उसळतं आणि लाट तयार होते. या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका विशिष्ट वेगाला लाट होडीइतकीच लांब होते, आणि होडी आपणच उठवलेल्या दोन शिखरांमध्ये अडकते. त्यापुढे जायचं तर तिला स्वतःचीच लाट चढावी लागते: नाक वर, बूड खाली, इंजिनाचा आवाज वाढलेला आणि वेग तिथल्या तिथे. होडीची मीटरमधली लांबी घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.५ ने गुणा. ही मर्यादा ताशी किलोमीटरमध्ये मिळते. ९ मीटरच्या लाँचसाठी ती १३.५ येते. विल्यम फ्रूड यांनी १८७२ मध्ये इंग्लंडमध्ये टॉर्की इथे लांबलचक हौद बांधून, त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून हा रोध मोजायला सुरुवात केली. आजही जहाजाचा आराखडा अशा हौदातून तपासला जातो.

या लाटेच्या तावडीतून सुटायचा एक रस्ता म्हणजे तळच वर काढणं. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर शिडीसारखी पाती लावून होडी पाण्याबाहेर काढली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या चमूने बांधलेल्या 'एचडी-४'ने १९१९ मध्ये ताशी ११४ किलोमीटर गाठले. म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी. मग अजून सगळीकडे का नाही?

त्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. पात्याची उचल चार गोष्टींवर ठरते: पाण्याची घनता, वेगाचा वर्ग, पात्याचं क्षेत्रफळ आणि उचल-गुणांक. हा गुणांक म्हणजे पातं किती जोमाने उचलतं ते सांगणारा आकडा, आणि तो मुख्यतः कोनावर अवलंबून असतो. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असल्याने पाती लहान असली तरी भागतं. आपल्या ९ मीटरच्या लाँचचं माणसं, इंजिन, डिझेल धरून वजन ४ टन समजा, आणि ती ताशी २५ किलोमीटरला पाण्याबाहेर यावी अशी अपेक्षा ठेवा. गुणांक ०.८ धरला तर या वेगाला दर चौरस मीटर पातं सुमारे २ टन उचलतं. म्हणजे एकूण २ चौरस मीटर पाती पुरेत.

आता लाँच वर आली, रोध घटला, वेग ५० झाला. वेग दुप्पट म्हणजे उचल चौपट. वजन मात्र ४ टनच आहे. कोन तोच ठेवला तर पाती १६ टनांच्या जोराने वर रेटतील. लाँच उसळेल, पाती पाण्याबाहेर येतील, उचल एका क्षणात नाहीशी होईल आणि ४ टनांचा ऐवज पाण्यावर आपटेल. म्हणून गुणांक ०.८ वरून ०.२ वर आला पाहिजे. मध्यम लांबी-रुंदीच्या पात्याला दर अंशामागे साधारण ०.०८ गुणांक मिळतो. म्हणजे निघताना १० अंश, धावताना अडीच. (पात्याची पाठ वक्र असेल तर ते शून्य अंशालाही थोडं उचलतं, म्हणून हे अंश मोजायचे ते उचल शून्य होते त्या स्थितीपासून.) हा साडेसात अंशांचा फरक दोन प्रकारे साधतात. एक तर अख्खं पातं बिजागरीवर फिरवायचं, नाहीतर विमानाच्या पंखासारखी मागच्या कडेला झडप ठेवून ती वरखाली करायची. झडपेला ताकद कमी लागते, म्हणून मोठ्या बोटींत बहुधा तीच असते.

पण किती फिरवायचं, हे ठरवणार कोण? चालकाच्या हाताला हे जमणारं नाही. यावरचा सर्वांत सुंदर उपाय 'मॉथ' नावाच्या जेमतेम ३.३५ मीटर लांबीच्या शर्यतीच्या शिडाच्या होडीत सापडतो. होडीच्या पुढच्या टोकाला एक बारीक काठी बिजागरीवर लोंबत असते आणि तिचं टोक पाण्याला टेकलेलं असतं. होडी खाली असली की वाहतं पाणी काठीला मागे ढकलून तिरपी करतं. होडी वर आली की रबरी दोरीच्या ओढीने काठी उभी होते. काठीच्या वरच्या टोकाला दांडी जोडलेली असते. ती खांबाच्या पोकळीतून उतरून पात्याच्या झडपेपर्यंत जाते. काठी तिरपी, म्हणजे झडप खाली, उचल जास्त. काठी उभी, म्हणजे झडप वर, उचल कमी. बॅटरी नाही, संगणक नाही, तरी होडी आपली उंची आपण राखते. दांडीत एक फिरकी-स्क्रू असतो. तो अर्धा फेरा फिरवला की होडी किती उंचीवर स्थिरावेल ते बदलतं. बिघाड होतो तोही इथेच. बिजागरीत मिलिमीटरभर ढिलाई आली की काठी हलते पण झडप उशिरा हलते. होडी ठरलेल्या उंचीच्या वर जाते, मग खाली बुडते, मग आणखी वर जाते, आणि प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा होतो.

प्रवासी बोटींत काठीची जागा अल्ट्रासॉनिक किंवा रडार सेन्सरने घेतलेली असते. जोडीला तिरपेपणा मोजणारे जायरो आणि धक्के मोजणारे सेन्सर. बोइंगने १९७० च्या दशकात 'जेटफॉईल' काढली ती याच पद्धतीवर. स्टॉकहोममध्ये २०२४ साली सेवेत आलेली ३० प्रवाशांची विजेवरची 'कँडेला पी-१२' सेकंदाला शंभरेक वेळा आपल्या पात्यांचा कोन दुरुस्त करते. डाव्या-उजव्या पात्यांना वेगवेगळे कोन दिले की होडी तोल सांभाळते. सगळे प्रवासी फोटोसाठी एका बाजूला गेले तर त्या बाजूची उचल वाढवायची. वळताना होडी आतल्या बाजूला कलवायची, म्हणजे माणसं बाहेर फेकली जात नाहीत. बाजूच्या पात्यांचा खरा उपयोग तो हाच.

इतकी घाई कशाला, असं वाटेल. पुन्हा आकड्यांकडेच जाऊ. वाऱ्याने पाणी खवळलंय, लाट ६० सेंटिमीटर उंच आहे आणि दर ३ सेकंदांना एक येते. अशा लाटेत अर्धा मीटर खोलीवरचं पाणी सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे अर्धा मीटर वेगाने वर-खाली होतं. ताशी ५० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १४ मीटर जाणाऱ्या पात्याच्या दृष्टीने समोरून येणारं पाणीच २ अंशांनी तिरपं होतं. आणि पात्याचा एकूण कोन होता अडीच अंश! एका लाटेच्या एका बाजूला उचल जवळजवळ दुप्पट, दुसऱ्या बाजूला जवळजवळ शून्य, आणि बोट लाटांच्या समोरून जात असेल तर हे सेकंदाच्या आतबाहेर घडतं. जोड पाती वेल्डिंग करून 'फिक्स' बसवलेली होडी अशा पाण्यात घेऊन जाणं निव्वळ धोक्याचं आहे.

स्थिर पात्यांनी भागतच नाही असंही नाही. सोव्हिएत अभियंते रोस्तिस्लाव्ह अलेक्सेयेव्ह यांची 'राकेता' १९५७ मध्ये व्होल्गा नदीवर गोर्की ते काझान हे ४२० किलोमीटर ७ तासांत गेली. तिची पाती हलणारी नव्हती. पातं पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलं की त्याची उचल आपोआप घटते. अलेक्सेयेव्ह यांनी याच गोष्टीचा फायदा घेतला. होडी वर आली, उचल घटली, होडी खाली बसली. दुसऱ्या प्रकारात पाती इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची असतात: होडी खाली गेली की पात्याचा जास्त भाग भिजतो आणि उचल वाढते. संथ नदी-तलावासाठी हे दोन्ही प्रकार स्वस्त आणि टिकाऊ आहेत, आणि उजनीसारख्या जलाशयावर आधी त्यांचाच विचार व्हावा असं मला ठामपणे वाटतं. पण सोसाट्याचा वारा सुटला की होडी तळावर उतरवून सावकाश न्यायची, ही अट त्यांना कायम आहे.

वेगाची वरची हद्द पाणीच ठरवतं. पात्याच्या पाठीवरचा दाब कमी होतो म्हणून तर ते उचललं जातं. वेग फार वाढला की तो दाब इतका उतरतो की तिथलं पाणी साध्या तापमानालाच उकळतं. वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढलेल्या जागी ते फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा धातूवर सूक्ष्म घाव घालतो. भीमाकाठच्या शेतकऱ्याला हे दृश्य नवं नाही. पंप पाण्यापासून फार उंच बसवला किंवा फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबली की पंप आत खडे फिरल्यासारखा आवाज करतो, आणि उघडल्यावर इंपेलर चाळणी झालेला दिसतो. पात्याचं तेच होतं. ३० अंश सेल्सियसला पाण्याचा बाष्पदाब (ज्याच्या खाली ते उकळतं तो दाब) सुमारे ४.२ किलोपास्कल असतो. उजनी समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंच असल्याने तिथे हवेचा दाबही कोकण किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के कमी. चांगल्या पात्यालाही ताशी ९० किलोमीटरच्या आसपास हा त्रास सुरू होतो. पुढच्या धारेला दगडाने खाच पडली असेल तर बराच आधी. म्हणून पाती वर काढल्यावर धारेवरून नख फिरवून पाहायचं. नख अडलं तर पॉलिश पेपरने घासून मूळ आकार आणायचा.

याहून दगाबाज प्रकार म्हणजे खांबाच्या कडेने हवा खाली ओढली जाणं. पात्याच्या पाठीवर कमी दाब, वर मोकळी हवा, आणि मध्ये खांबाने पाण्यात पाडलेली फट. हवा एकदा पात्यापर्यंत पोचली की उचल निम्म्याहून खाली येते, तीही इशारा न देता. त्यासाठी खांबावर आडव्या छोट्या पट्ट्या बसवतात. हवेची वाट तिथे तुटते.

आपल्या जुन्या लाँचला पाती जोडायची म्हटलं तर आणखी अडचणी आहेत. ताशी १३.५ ते २५ किलोमीटरच्या टप्प्यात तळाचा आणि पात्यांचा, दोन्ही रोध एकत्र असतात. तिथे इंजिनाला ताकद उरली नाही तर होडी कधीच उठत नाही. उठलीच तर पंखा (प्रोपेलर) पाण्याबाहेर येऊन नुसता गरगरतो. इंजिन थंड करायचं पाणी तळातून घेत असाल तर तेही बंद होतं आणि इंजिन तापून बसतं. पंखा आणि पाण्याचं तोंड दोन्ही खांबाच्या तळाशी न्यावी लागतात, म्हणजे जवळजवळ नवीच होडी बांधावी लागते.

मोठ्या जहाजांना हे लागू का होत नाही, तेही याच हिशेबात आहे. एक लाख टनांचं मालवाहू जहाज ताशी ४० किलोमीटरला उचलायचं तर चौरस मीटरमागे अडीच टन धरून ४०,००० चौरस मीटर पाती लागतील. ही झाली दहा एकर! म्हणून सर्वांत मोठ्या हायड्रोफॉईल बोटीही काहीशे टनांतच थांबल्या. प्रवासी जहाजांच्या दोन्ही बाजूंना जी हलती पाती दिसतात ती डोलणं कमी करण्यासाठी असतात, आणि त्यांच्यामुळे वेग किंचित कमीच होतो. लाटांवर वरखाली होणाऱ्या पात्यांतून थेट पुढे जाण्याचा जोर मिळवता येतो, हेही खरं. जपानचे केनिची होरिए २००८ मध्ये अशा होडीतून होनोलुलूहून जपानला पोचले. पण चाल फार मंद होती.

मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव-कळाशी मार्गावर वादळात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. अशा वेळी 'धरण बळी घेतं' असं बोललं जातं, आणि ते बोलणं घातक आहे. होडी उलटते ती वाऱ्याचा जोर, बाजूने आलेली लाट आणि वर सरकलेला गुरुत्वमध्य यांमुळे. जीव वाचतो तो अंगावर बांधलेल्या लाइफ जॅकेटने आणि हवामानाचा इशारा पाळल्याने. पात्यांची होडीसुद्धा थांबलेली असताना इतर होड्यांसारखीच उलटू शकते, कारण वेग नसेल तर उचलही नसते.

उजनीची स्वतःची अडचण म्हणजे पाण्याची पातळी. उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून धरण 'मायनस'मध्ये गेलं की बुडालेली बाभळीची खोडं, विहिरींची कठडी, जुनी देवळं वर येतात किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्ध्या-एक मीटरवर लपून राहतात. तळाखाली मीटरभर उतरलेलं पातं ताशी ४५ किलोमीटरने खोडाला धडकलं तर खांब तुटावा, तळ फाटू नये, अशी खांबाची जोडणी मुद्दाम कमजोर पिनेने करतात. भिगवणकडची जलपर्णी आणि मासेमारीची नायलॉन जाळी खांबात अडकतात. त्यासाठी खांब मागे कललेला ठेवतात, म्हणजे दोर खाली घसरून सुटतो. पाती वर उचलून घेता आली पाहिजेत, धक्का तरंगता पाहिजे, आणि प्रत्येक मोसमात नव्या पातळीला आवाजाने खोली मोजणाऱ्या 'सोनार' यंत्राने धरणाचा तळ तपासून किमान ३ मीटर खोलीचा मार्ग बोयांनी आखून द्यावा लागेल. पहिल्या चाचण्या प्रवाशांऐवजी वाळूच्या पोत्यांवर घ्यायच्या: आधी पूर्ण भार, मग अर्धा, मग सगळी पोती एका बाजूला.